काउन्सेलरकडे पुन्हा जा, या वेळी मार्कशीट घेऊन

पत्र :

ताई, मी मूळची सांगलीची. शिवाजी विद्यापीठाची बी.कॉम. लग्नाआधी दोन वर्षं एका पतसंस्थेत नोकरी केली, मग कॅलिफोर्नियात बे एरियात आले. त्याला आता अकरा वर्षं झाली. एच-४ वर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर आहे, आणि ईएडी, म्हणजे काम करायची परवानगी, मिळालंय. धाकटी पहिलीत जाते. रविवारच्या मराठी शाळेत मी छोट्यांचा वर्ग घेते, आणि तिथेच मनाने घेतलं की आपण प्रीस्कूलची शिक्षिका व्हायचं. मैत्रिणीने सांगितलं की १२ युनिट्स (युनिट म्हणजे कोर्सचे श्रेयांक) पुरतात, म्हणून कम्युनिटी कॉलेजात बालविकासाचे दोन कोर्स केले. एक आमच्या गावातल्या कॉलेजात ३ युनिट्सचा, दुसरा शेजारच्या कॉलेजातून ऑनलाइन, ४ युनिट्सचा, म्हणजे एकूण ७ झाली. दोन्हींत ए मिळाला.

मग कॉलेजातल्या काउन्सेलरची, म्हणजे कोर्स निवडायला मदत करणाऱ्यांची, अपॉइंटमेंट घेतली. अर्धा तास होता. त्यांनी विचारलं, ‘तुमचं उद्दिष्ट काय?’ मी म्हटलं, ‘शिकायचंय.’ त्यांनी एक मोठी यादी छापून दिली आणि सांगितलं की असोसिएट डिग्री करा, ६० युनिट्स. मला धडकीच भरली. दोन महिन्यांनी दुसऱ्या काउन्सेलर भेटल्या, त्या म्हणाल्या, डिग्री कशाला, सर्टिफिकेट करा. खरं कोणाचं? माझ्या बी.कॉम.चं दोघांनीही काही विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. इथे तीन वर्षांच्या डिग्रीला कोण विचारतंय, असं वाटलं. नवऱ्याने कॉलेजात फोन केला तर ‘तुमच्याशी बोलता येणार नाही’ म्हणाले. तो चिडला. म्हणतो, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर इतक्या बायकांनी हे केलंय, त्यांनाच विचार, कॉलेजवाल्यांना काही माहीत नसतं. आजूबाजूला सगळी अठरा-एकोणीस वर्षांची पोरं, त्यात माझं इंग्रजी अडखळत. पुन्हा जायला पाय उचलत नाही. काय करू?

उत्तर :

आधी अभिनंदन. इतक्या वर्षांनी पुन्हा वही उघडून दोन कोर्समध्ये ए मिळवणं, तेही घर आणि दोन मुलं सांभाळून, ही लहान गोष्ट नाही. पत्रात तुम्ही ती एका वाक्यात उरकून टाकलीत, म्हणून मी मुद्दाम थांबून म्हणते आहे.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर : हो, पुन्हा जा. त्या दोघांपैकी कोणीही चुकीचं सांगितलेलं नाही. तुम्हाला कुठे पोचायचंय हे दोघांनाही कळलं नव्हतं, म्हणून दोघांनी आपापल्या अंदाजाने वाट दाखवली. मनातलं उद्दिष्ट इतकं स्पष्ट असताना तुम्ही ‘शिकायचंय’ एवढंच म्हणालात. ताकाला जाऊन भांडं लपवलंत. संकोचाने लपवलंत, मला कळतं, पण समोरच्या माणसाला ते कसं कळणार?

‘प्रीस्कूलची शिक्षिका’ या दोन शब्दांत कॅलिफोर्नियात निदान तीन वेगळ्या नोकऱ्या आहेत. खासगी, परवानाधारक प्रीस्कूलमध्ये शिक्षिका म्हणून उभं राहायला बालविकासाची साधारण १२ युनिट्स, त्यात ठरावीक मुख्य विषय, आणि थोडा कामाचा अनुभव लागतो. तुमच्या मैत्रिणीने सांगितलेला आकडा हा. सरकारी अनुदानावर चालणाऱ्या केंद्रांत मात्र ‘चाइल्ड डेव्हलपमेंट परमिट’ लागतं. ते कॉलेज देत नाही, राज्याचं कमिशन ऑन टीचर क्रेडेन्शिअलिंग देतं. त्यातल्या शिक्षक पातळीच्या परमिटला २४ युनिट्स बालविकासाची, वर १६ युनिट्स सामान्य शिक्षणाची, म्हणजे इंग्रजी, गणित किंवा विज्ञान, समाजशास्त्रं आणि कला-साहित्य, शिवाय कामाचे ठरावीक दिवस, अशी बरीच वर्षं चालत आलेली रीत आहे. तिसरी नोकरी सरकारी शाळेतल्या ‘ट्रान्झिशनल किंडरगार्टन’ची, म्हणजे किंडरगार्टनच्या आधीच्या वर्गाची. २०२५-२६ च्या शैक्षणिक वर्षापासून हा वर्ग चार वर्षांच्या सगळ्या मुलांना खुला झाला आहे, त्यामुळे तिकडे माणसांची गरज आहे. पण त्या वर्गाची मुख्य शिक्षिका व्हायचं तर बॅचलर डिग्री आणि शिक्षकाचं पूर्ण क्रेडेन्शिअल (शिकवण्याचा राज्याचा परवाना) हवं. तिथे मदतनीस म्हणून लागायचं असेल तर अटी बऱ्याच हलक्या.

आता दोन्ही सल्ले पुन्हा वाचून बघा. पहिल्या काउन्सेलरना वाटलं असणार की तुम्ही काहीच शिकलेल्या नाहीत आणि पुढे कधीतरी बॅचलरकडे जाणार. तसं असेल तर ६० युनिट्सची असोसिएट डिग्री हाच रस्ता. दुसऱ्या बाईंना वाटलं असणार की तुम्हाला लवकर कामाला लागायचंय. तर मग सर्टिफिकेट पुरे. आणि दोघांनाही तुमच्या बी.कॉम.ची खबर नव्हती, जी कळली असती तर हिशेब पार बदलला असता.

तर आता त्या बी.कॉम.बद्दल. तुमच्या पत्रातली ही गोष्ट मला सगळ्यात जास्त लागली, कारण असं करणाऱ्या तुम्ही एकट्या नाही. आपल्याकडच्या कितीतरी बायका इथे आल्यावर आपली पदवी ट्रंकेत घालून ठेवतात आणि बारावीनंतर काहीच केलं नाही अशा थाटात पहिल्यापासून सुरुवात करतात. तुम्ही तीन वर्षं शिकलात, परीक्षा दिल्यात, पास झालात. त्या शिक्षणाचं इथल्या भाषेत मूल्यमापन होतं. मार्कशीट आणि विद्यापीठाचं ट्रान्सक्रिप्ट (विषय आणि गुणांची अधिकृत नोंद) परदेशी पदव्या तपासणाऱ्या संस्थेकडे पाठवायचं, त्या विषयवार अहवाल देतात, आणि तो अहवाल पाहून कॉलेज ठरवतं की सामान्य शिक्षणातलं काय काय मान्य करायचं. बी.कॉम.ला इंग्रजी होतं, अर्थशास्त्र होतं, गणित किंवा संख्याशास्त्र होतं. परमिटसाठी लागणाऱ्या त्या १६ युनिट्सपैकी बरीचशी त्यातून निघू शकतात. कला-साहित्याचा एखादा कोर्स कदाचित इथे करावा लागेल. निघतीलच असं वचन मी देणार नाही, ते अहवालावर आहे, पण न विचारताच सोडून देणं मात्र चूक ठरेल.

इथे तीन गोष्टी काउन्सेलरना पैसे भरायच्या आधी विचारा, नंतर नाही. पहिली, कॉलेजला कोणत्या संस्थांचे अहवाल चालतात. दुसरी, परमिट देणाऱ्या कमिशनला त्याच संस्था चालतात का, कारण कमिशनची स्वतःची मान्य संस्थांची यादी असते, आणि कॉलेजला चाललेला अहवाल तिकडे चालेलच असं नाही. दोन्ही याद्यांत असलेली संस्था निवडली तर एकाच खर्चात काम होतं. हा खर्च छोटा नाही. कॅलिफोर्नियाच्या रहिवाशांना कम्युनिटी कॉलेजात एका युनिटला ४६ डॉलर पडतात, म्हणजे तीन युनिट्सचा कोर्स १३८ डॉलरला, आणि विषयवार अहवालाला सहसा त्याहून जास्त लागतात. तिसरी गोष्ट, अहवाल ‘विषयवार’ हवा की नुसता पदवीचा. युनिट्स मिळवायची असतील तर विषयवारच लागतो. स्वस्तातला साधा अहवाल मागवून फसलेल्या बायका मी पाहिल्या आहेत, त्यांना पुन्हा पैसे भरावे लागले.

तीन वर्षांच्या डिग्रीला कोण विचारतंय, असं तुम्ही लिहिलंत. काही संस्था तीन वर्षांची भारतीय पदवी विद्यापीठाचा दर्जा वगैरे बघून पूर्ण बॅचलर मानतात, काही तिला तीन वर्षांचं पदवी-शिक्षण म्हणतात. हा फरक तुमच्यासाठी फार मोलाचा आहे. परमिटच्या वरच्या पातळीवर कुठल्याही विषयातल्या बॅचलरला बालविकासाची १२ युनिट्स आणि देखरेखीखालचं प्रात्यक्षिक एवढ्यावर अर्ज करण्याचा मार्ग राहिलेला आहे. म्हणून काउन्सेलरना सरळ विचारा : ‘माझी पदवी बॅचलर धरली गेली तर कोणता रस्ता, आणि नाही धरली तर कोणता?’ आणि कमिशनचा चालू तक्ता समोर उघडूनच बोला, कारण या अटी वेळोवेळी सुधारतात.

आता युनिट्सचा हिशेब, कारण तिथे एक घोळ आहे. तुम्ही ३ अधिक ४ असे ७ मोजलेत. पण शेजारचं कॉलेज सेमिस्टरवर (सहामाही सत्रांवर) चालतं की क्वार्टरवर (तिमाही सत्रांवर), हे तपासलंत का? बे एरियात दोन्ही प्रकार आहेत. डी अँझा आणि फूटहिल क्वार्टरवर चालतात, ओलोनी सेमिस्टरवर. क्वार्टरचं एक युनिट म्हणजे सेमिस्टरच्या युनिटचे दोन तृतीयांश. तुमच्या गावातलं कॉलेज सेमिस्टरवालं आणि तो ऑनलाइन कोर्स क्वार्टरचा असेल तर त्याची ४ युनिट्स म्हणजे सेमिस्टरची जेमतेम २.६७. मग तुमच्याकडे ७ नाहीत, ५.६७ आहेत, आणि १२ ला ५ कमी नसून ६.३३ कमी आहेत. दोन कोर्सवर काम भागेल असं धरून तुम्ही चालला असाल तर तिसरा लागणार. शिवाय तो कोर्स इथल्या कॉलेजच्या कोणत्या कोर्सच्या जागी धरला जाईल, हेही पाहावं लागतं. नाव सारखं असलं म्हणजे विषय सारखा असतोच असं नाही. दुसऱ्या कॉलेजचं अधिकृत ट्रान्सक्रिप्ट या कॉलेजला पाठवलं नसेल तर काउन्सेलरच्या पडद्यावर तुमचा तो कोर्स दिसतच नाही! त्यांना तुम्ही एकच कोर्स केलेली नवी विद्यार्थिनी दिसता. ट्रान्सक्रिप्ट भेटीच्या आधी पोचेल असं बघा.

यजमानांच्या फोनबद्दल. त्यांनी मनाला लावून घेऊ नये. १९७४ चा ‘फर्पा’ नावाचा केंद्राचा कायदा आहे. कॉलेजात पाऊल ठेवलं की विद्यार्थ्याच्या नोंदींवर हक्क त्या विद्यार्थ्याचा, मग तो सतरा वर्षांचा असो की सत्तर. तुमच्या लेखी परवानगीशिवाय त्या नोंदींबद्दल ते नवऱ्याशी काय, आईवडिलांशीही बोलणार नाहीत. यात तुमचा मानच आहे. हवं तर यजमानांना सोबत घेऊन जा, तुमची संमती असली की कोणी अडवत नाही. पण मला विचाराल तर पहिली दहा मिनिटं तुम्हीच बोला.

इंग्रजीचं म्हणाल तर एक सांगते. कॅलिफोर्नियात ११६ कम्युनिटी कॉलेजं आहेत, आणि ती उभीच आहेत ती अशा माणसांसाठी. तुमच्या आधीच्या अपॉइंटमेंटला व्हिएतनामहून आलेली एखादी आजी असेल, तुमच्यानंतर रात्रपाळी करून आलेला मेक्सिकन बाप असेल. त्या खुर्चीवरच्या माणसाला अडखळतं इंग्रजी रोज ऐकायची सवय असते. ‘जरा हळू सांगाल का?’, ‘हे लिहून द्याल का?’ असं म्हणायला अजिबात कचरू नका. आणि ही माणसं खिडकीतले कारकूनही नव्हेत. इथले काउन्सेलर कॉलेजच्या प्राध्यापकवर्गात मोडतात, बहुतेकांकडे मास्टर्स असते. आपल्याकडे विद्यापीठाच्या खिडकीशी आपण रांगेत उभं राहून जे मिळेल ते घेऊन निमूट मागे फिरायचो. इथे उलट प्रश्न विचारणं, ‘मला पटलं नाही, पुन्हा समजावा’ म्हणणं, हे अपेक्षितच असतं. त्याने कोणी रागावत नाही.

भेट कशी घ्यायची, तेही सांगते. अपॉइंटमेंट सेमिस्टरच्या पहिल्या दोन आठवड्यांत घेऊ नका. तेव्हा नुसती झुंबड असते, पाच-दहा मिनिटांत वाटेला लावतात. ऑक्टोबर किंवा मार्चमध्ये, पुढच्या सत्राची नोंदणी उघडण्याच्या जरा आधी घ्या. नोंदवताना ‘पूर्ण एज्युकेशन प्लॅन करायचाय’ असं सांगा, म्हणजे मोठा वेळ देतात. आणि विचारा की बालविकास विभागाशी जोडलेले काउन्सेलर कोण, परमिटच्या अर्जात मदत करणारं विभागात कोणी आहे का. सर्वसाधारण काउन्सेलरला शंभर विषयांचं पाहावं लागतं, परमिटच्या खाचाखोचा त्याला पाठ असतीलच असं नाही. विभागातल्या माणसाला असतात. असं माणूस सापडलं की दर वेळी त्याच्याकडेच जा. नव्या माणसाला पहिल्यापासून सगळी कहाणी सांगण्यात अर्धी भेट जाते.

खुर्चीत बसल्याबरोबर काय म्हणायचं ते घरी लिहून न्या आणि वाचून दाखवा, त्यात काही कमीपणा नाही. साधारण असं : ‘मला दीड वर्षात प्रीस्कूलमध्ये काम सुरू करायचंय. पुढे परमिट घ्यायचंय. माझ्याकडे भारतातली बी.कॉम. आहे, ही मार्कशीट. दोन कोर्स झालेत, एक इथे, एक तिथे. मुलं शाळेत असतात तेवढ्या वेळात किंवा रात्री ऑनलाइन मी शिकू शकते. एका सत्रात दोन कोर्स झेपतात.’ बस, एवढ्या सहा-सात वाक्यांत त्यांना तुमच्याबद्दल मागच्या दोन भेटींत मिळून कळलं नाही इतकं कळेल. मार्कशीट खरंच टेबलावर ठेवा. विद्यापीठाचं नाव त्यांनी ऐकलेलं नसेल, हरकत नाही.

आणि हातात प्लॅन घेतल्याशिवाय उठू नका. कुठल्या सत्रात कुठला कोर्स, हे त्यांच्या संगणकात नोंदलं गेलं पाहिजे, तोंडी नको. त्याचा एक रोकडा फायदा असा की ओरिएंटेशन आणि एज्युकेशन प्लॅन पूर्ण केलेल्यांना नोंदणीची तारीख आधी मिळते, आणि संध्याकाळचे, ऑनलाइनचे वर्ग फार लवकर भरतात. घरी आल्यावर चार ओळींचा ईमेल टाका : ‘आज आपण असं ठरवलं, मला बरोबर समजलंय ना?’ पुढे कोणी वेगळं सांगितलं तर तो ईमेल तुमच्या कामी येईल.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरच्या मैत्रिणी चांगल्याच आहेत. कुठल्या प्राध्यापिका जीव तोडून शिकवतात, कुठल्या प्रीस्कूलमध्ये पगार बरा, जुनं पुस्तक कोणाकडे आहे, हे त्यांनाच विचारा. पण ज्या बाईने पाच वर्षांपूर्वी, दुसऱ्या कॉलेजातून, बी.एड.च्या जोरावर परमिट काढलं, तिचा रस्ता तुमचा नव्हे. तिला तिच्यापुरतं माहीत आहे, आणि ती ते खात्रीने सांगते, म्हणून ते सगळ्यांना लागू होतं असं वाटत राहतं.

ज्याबद्दल काउन्सेलरना विचारू नये असंही काही आहे. ईएडीचं नूतनीकरण, एच-४ चं पुढे काय, यावर त्यांनी काही मत दिलं तरी त्यावर विसंबू नका. ते वकिलाचं काम. एच-४ वर शिकायला वेगळा विद्यार्थी व्हिसा लागत नाही, एवढं निश्चित. फी रहिवाशाच्या दराने की बाहेरच्याच्या, हेही काउन्सेलर ठरवत नाहीत, अ‍ॅडमिशन्स ऑफिस ठरवतं. बिलावर एकदा नजर टाका. युनिटमागे ४६ पेक्षा फार जास्त लावलेले दिसले तर भाडेकरार, टॅक्सचे कागद घेऊन तिकडे जा.

काम सुरू झाल्यावर एक गोष्ट विचारायला विसरू नका. मोडेस्टोच्या योसेमिटी कम्युनिटी कॉलेज डिस्ट्रिक्टमधून चालणारं ‘चाइल्ड डेव्हलपमेंट ट्रेनिंग कन्सोर्टियम’ आहे. बालसंगोपन केंद्रात काम करत करत शिकणाऱ्यांच्या शिक्षणखर्चाला ते हातभार लावतं, आणि पुष्कळ कॉलेजांत त्यांचा समन्वयक असतो.

प्रात्यक्षिकाचा कोर्स मात्र आत्ताच डोक्यात धरा, कारण घरच्या गणितात सगळ्यात अवघड तोच जाणार आहे. बाकीचे कोर्स रात्री, ऑनलाइन होतील, पण प्रात्यक्षिक मुलांच्या वर्गातच करावं लागतं आणि मुलं दिवसाच असतात. कुठे तो वर्षातून एकाच सत्रात निघतो. त्याआधी कोणते कोर्स झालेले असायला हवेत, आठवड्याला किती तास, तुम्ही काम करत असाल त्या प्रीस्कूलमधले तास त्यात धरतात का, हे सगळं विचारून तो कोर्स प्लॅनमध्ये पहिल्यांदा ठेवा आणि बाकीचे त्याच्या मागेपुढे बसवा. टीबीची चाचणी लागते, गोवर आणि डांग्या खोकल्याच्या लसींचे पुरावे लागतात. तुमचं लहानपणीचं लसीकरणाचं कार्ड सांगलीत आईच्या कपाटात असेल तर ते डॉक्टरांना दाखवा, नसेल तर ते पुन्हा लस देऊन, किंवा गोवराच्या बाबतीत रक्ताची तपासणी करून, दाखला देतात.

आणि विद्यापीठाच्या ट्रान्सक्रिप्टची तयारी अपॉइंटमेंटची वाट न बघता या आठवड्यात सुरू करा. सगळ्यात जास्त वेळ तेच काम खातं. बहुतेक मूल्यमापन संस्थांना ते विद्यापीठाकडून थेट किंवा सीलबंद पाकिटात लागतं, तुम्ही स्कॅन करून पाठवलेलं चालत नाही. त्यामुळे संस्था ठरली की तिचा फॉर्म, तिन्ही वर्षांच्या मार्कशीटच्या प्रती आणि एक सहीचं अधिकारपत्र माहेरी कोणाला तरी पाठवा, आणि त्यांना एकदा कोल्हापूरला विद्यापीठात प्रत्यक्ष जाऊन यायला सांगा. लग्नानंतर नाव बदललं असेल तर लग्नाच्या दाखल्याची प्रत त्याच पाकिटात घाला. मार्कशीटवर माहेरचं नाव आणि कॉलेजच्या नोंदीत सासरचं, यावरून अर्ज महिनोन्‌महिने अडून पडतात.